वापरलेल्या जिगसॉ कोड्यांची खरेदी

वापरलेल्या जिगसॉ कोड्यांची खरेदी हा जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा एक लहानसा, परंतु स्वतःचे वेगळे प्रश्न असलेला भाग आहे. पुठ्ठ्यावर किंवा लाकडी फळीवर चिकटवलेल्या चित्राचे कापलेले तुकडे जुळवून मूळ चित्र पुन्हा सिद्ध करणे, असे या खेळाचे स्वरूप असते. मराठीत त्याला जिगसॉ पझल, चित्रकोडे किंवा नुसते 'तुकडे जोडण्याचा खेळ' असे म्हटले जाते. कोडे एकदा सुटले की त्याच घरात ते पुन्हा मांडले जाण्याची शक्यता कमी होते. त्यामुळे ते सुस्थितीत असतानाच दुसऱ्याच्या हाती जाते. जुने कोडे नव्याच्या मानाने स्वस्त मिळते आणि उत्पादन थांबलेली चित्रेही जुन्या बाजारातच सापडतात. त्याच्या बदल्यात खरेदीदाराला एक धोका पत्करावा लागतो, तो म्हणजे संचातील एखादा तुकडा हरवलेला असण्याचा.

हा दोष इतर जुन्या वस्तूंच्या दोषांहून निराळा आहे. खुर्चीचा पाय मोडका असेल तर ते बसण्यापूर्वी दिसते. पुस्तकाचे पान फाटलेले असेल तर ते चाळताना कळते. कोड्यातील उणीव मात्र बहुधा अगदी शेवटी, कित्येक संध्याकाळी खर्च झाल्यावर उघड होते. हजार तुकड्यांपैकी ९९९ तुकडे जागेवर असले तरी जोडणाऱ्याची नजर त्या एका रिकाम्या जागेवरच खिळते. गणिताच्या हिशेबाने हा दोष एक सहस्रांश असला, तरी समाधानाच्या हिशेबाने तो तेवढा लहान राहत नाही.

पार्श्वभूमी

लंडनमधील नकाशे तयार करणारे व ताम्रपट कोरणारे जॉन स्पिल्सबरी यांनी १७६०च्या दशकात लाकडी फळीवर चिकटवलेले नकाशे देशांच्या सीमांवरून कापून विकण्यास सुरुवात केली. या वस्तूला 'कापलेले नकाशे' असे नाव होते आणि तिचा उद्देश मुलांना भूगोल शिकवणे हा होता. या प्रारंभीच्या कोड्यांचे आतले तुकडे एकमेकांत अडकत नसत, केवळ शेजारी ठेवले जात. जरासा धक्का लागला की मांडणी विस्कटे. तुकडे हरवण्याचा इतिहास म्हणूनच या खेळाइतकाच जुना मानावा लागतो. स्पिल्सबरी यांच्या काही नकाशांची समुद्राचा भाग वगळलेली स्वस्त आवृत्तीही मिळत असे. अशा संचात समुद्र नसणे ही उणीव नसून ती मूळ रचना आहे, हे जुन्या वस्तू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे लागते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत प्रौढांमध्ये या खेळाची लाट आली. पार्कर ब्रदर्स या कंपनीने १९०९ मध्ये काही काळ इतर खेळांचे उत्पादन बाजूला ठेवून केवळ लाकडी कोडी तयार केली. १९३०च्या दशकातील महामंदीत पुठ्ठ्याची, पोलादी पात्यांच्या साच्याने एका दाबात कापलेली कोडी आली आणि खेळ सामान्य घरांत पोहोचला. दर आठवड्याला नवे कोडे २५ सेंटला वृत्तपत्रांच्या टपऱ्यांवर मिळू लागले. महागडी लाकडी कोडी विकत घेणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी औषधांची दुकाने व फिरती ग्रंथालये ती भाड्याने देऊ लागली. ब्रिटनमध्येही १९३३ मध्ये सभासदांना लाकडी कोडी घरपोच फिरवणारे एक ग्रंथालय सुरू झाले. एकच संच अनेक घरांतून फिरू लागला, तेव्हा 'परत आलेला संच पूर्ण आहे का' हा प्रश्न घरगुती न राहता व्यवहाराचा झाला.

२०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात अनेक देशांत नव्या कोड्यांचा तुटवडा पडला. तेव्हा जुनी कोडी विकण्याचे व आपसांत बदलून घेण्याचे प्रमाण वाढले.

तुकडे कसे हरवतात

कारखान्यातून तुकडा कमी येण्याचे प्रसंग घडतात, पण ते विरळा. बहुतेक तुकडे घरातच हरवतात. टेबलाच्या कडेवरून पडलेला तुकडा बाहीला चिकटतो, गालिच्यात रुततो, केरात जातो, रांगत्या बाळाच्या किंवा कुत्र्याच्या तोंडात जातो. पुठ्ठ्याचा तुकडा एकदा चघळला गेला की सापडूनही त्याचा उपयोग नसतो. काही घरांत शेवटचा तुकडा आपणच बसवावा म्हणून तो खिशात लपवून ठेवण्याची खोड असते. लपवणारा विसरला की तो तुकडा कपड्यांबरोबर धुतला जातो.

दुसरा मोठा धोका मोडून ठेवताना असतो. जोडलेले कोडे मोडून खोक्यात भरताना दोन-चार तुकडे टेबलावरच्या कापडाखाली किंवा चटईत राहून जातात. दोन कोडी एकाच वेळी मांडलेली असतील तर एकाचे तुकडे दुसऱ्याच्या खोक्यात जातात. अशा वेळी एक संच उणा आणि दुसरा अधिक होतो. मूळ खोके फाटले असेल, त्याचे कोपरे उसवले असतील, तर वाहतुकीत तुकडे गळतात. म्हणून जुने कोडे पाहताना आधी खोक्याचे कोपरे पाहावेत. चित्र किती सुंदर आहे यापेक्षा कोपरे किती शाबूत आहेत, हे अधिक सांगून जाते.

हरवल्यासारखा वाटणारा प्रत्येक तुकडा मात्र हरवलेला नसतो. कापणी अर्धवट झाल्याने दोन तुकडे एकमेकांना चिकटून राहिलेले असतात, किंवा तुकडा खोक्याच्या तळाच्या घडीत अडकलेला असतो. एखादा तुकडा चुकीच्या ठिकाणी बरोबर बसलेला असण्याचीही शक्यता असते. एकरंगी आकाश किंवा पाणी असलेल्या चित्रांत हे विशेष घडते.

पूर्णतेचा पुरावा

जुना संच पूर्ण आहे हे निर्विवादपणे सिद्ध करण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे तो संपूर्ण जोडून पाहणे. बाकीच्या सर्व पद्धती कमी-अधिक वजनाचे अंदाज आहेत. त्या निरुपयोगी नाहीत, परंतु प्रत्येकीची मर्यादा ठाऊक असणे आवश्यक आहे.

सर्वांत प्रचलित पद्धत मोजणीची. दहा-दहाच्या ढिगाऱ्या करून हजार तुकडे मोजण्यास साधारण अर्धा-पाऊण तास लागतो. परंतु या पद्धतीत एक मूलभूत अडचण अशी की, खोक्यावर छापलेली संख्या ही पुष्कळदा ठोकळ असते. कापणीचा साचा आडव्या व उभ्या ओळींच्या जाळीवर आखलेला असतो. चित्राची लांबी-रुंदी ठरलेली असताना तुकडे साधारण चौरसाकार राखायचे असतील, तर ओळींचा गुणाकार नेमका १००० येईलच असे नाही. ४० × २५ अशी जाळी घेतली तर नेमके १००० तुकडे होतात. ३८ × २७ घेतली तर १०२६ होतात आणि तरीही खोक्यावर '१०००' असेच छापले जाते. त्याचप्रमाणे '५००' तुकड्यांच्या अनेक संचांत २७ × १९ म्हणजे ५१३ तुकडे असतात. अशा संचातील तेरा तुकडे हरवले तरी मोजणाऱ्याला बरोबर ५०० तुकडे मिळतील आणि तो निश्चिंत होईल. 'मोजून पाहिले, पूर्ण आहे' हे विधान प्रामाणिकपणे केलेले असूनही चुकीचे ठरू शकते, ते यामुळे.

यावर एक साधा उपाय आहे. प्रथम केवळ चौकट जोडावी. लांब बाजूवर किती तुकडे आहेत व आखूड बाजूवर किती, हे मोजून त्यांचा गुणाकार करावा, म्हणजे संचाची खरी संख्या कळते. लांब बाजूवर ३८ व आखूड बाजूवर २७ तुकडे आले तर एकूण १०२६ तुकडे हवेत. चौकटीत १२६ तुकडे गेले, तेव्हा उरलेल्या ढिगात नेमके ९०० तुकडे असले पाहिजेत. ही तपासणी संपूर्ण जोडणीच्या मानाने फार थोड्या वेळात होते आणि नुसत्या मोजणीहून कितीतरी भरवशाची असते. तिची मर्यादा दुहेरी आहे. वेड्यावाकड्या रेषांनी, जाळीविना कापलेल्या कोड्यांना ती लागू पडत नाही. शिवाय एक तुकडा हरवलेला व एक परका तुकडा मिसळलेला, अशा संचात संख्या बरोबर जुळते आणि कोडे तरीही अपूर्ण राहते. परका तुकडा ओळखण्यासाठी सर्व तुकडे उलटे करून पाठीचा रंग, पुठ्ठ्याची जाडी व कापणीची धार पाहिली जाते. करड्या पाठींत एखादी निळसर पाठ चटकन दिसून येते.

'चौकट पूर्ण आहे' एवढेच आश्वासन पुष्कळ विक्रेते देतात. त्याची किंमत आकड्यांत तपासणे उद्बोधक ठरते. हजार तुकड्यांच्या संचात चौकटीचे तुकडे १२६ म्हणजे सुमारे एक अष्टमांश. एकच तुकडा हरवला असेल, तर तो चौकटीतला नसण्याची शक्यता सुमारे ८७ टक्के आहे. तीन तुकडे हरवले असले, तरी दर तीनपैकी दोन वेळा चौकट पूर्णच आढळेल. म्हणजे चौकट अपूर्ण असेल तर संच अपूर्ण आहे हे निश्चित, पण चौकट पूर्ण असेल तर त्यावरून फारसे काहीच सिद्ध होत नाही.

वजनाची पद्धत मोठी उणीव ओळखण्यापुरती उपयोगी आहे. स्वयंपाकघरातील काट्यावर १०० तुकड्यांचे वजन करावे, मग सर्व तुकड्यांचे करावे आणि भागाकार करावा. उदाहरणार्थ, १०० तुकडे ७० ग्रॅम व एकूण वजन ६७२ ग्रॅम भरले, तर संचात सुमारे ९६० तुकडे आहेत असे निघते. तुकड्यांचे आकार सारखे नसल्याने या अंदाजात पाच-दहा तुकड्यांची चूक सहज होते. एक तुकडा कमी आहे की नाही, हे काटा सांगू शकत नाही. मात्र अर्धी पिशवीच गायब आहे की काय, हे तो दोन मिनिटांत सांगतो. पुठ्ठा हवेतील ओलावा शोषतो, म्हणून दोन्ही वजने एकाच वेळी केलेली बरी.

कारखान्याची मोहोरबंद पिशवी न फोडलेली असेल, तर तो सर्वांत चांगला बाह्य पुरावा होय. पूर्ण जोडलेल्या कोड्याचे छायाचित्रही चांगला पुरावा आहे, परंतु ते छायाचित्र मोडण्यापूर्वीचे असते आणि तुकडे हरवण्याचा एक मोठा प्रसंग मोडतानाच येतो, हे वर आलेच आहे. छायाचित्र काढून लगेच तुकडे झिपच्या पिशवीत बंद करणारा विक्रेता म्हणून अधिक विश्वासार्ह मानला जातो.

तुकड्यांची संख्या आणि धोक्याचे प्रमाण

संच जितका मोठा, तितका तो अपूर्ण असण्याचा संभव अधिक, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक असते. तो संभव किती वेगाने वाढतो, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. समजण्यासाठी असे धरू की प्रत्येक तुकडा हरवण्याची शक्यता एक सहस्रांश आहे आणि एक तुकडा हरवण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. तर १०० तुकड्यांचा संच पूर्ण असण्याची शक्यता सुमारे ९० टक्के, ५०० तुकड्यांचा सुमारे ६१ टक्के, १००० तुकड्यांचा सुमारे ३७ टक्के आणि २००० तुकड्यांचा अवघी साडेतेरा टक्के येते. तुकडा हरवण्याची शक्यता दहा सहस्रांत एक इतकी कमी धरली, तर हजार तुकड्यांचा संच पूर्ण असण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे आधीच्या मालकाच्या नीटनेटकेपणात पडलेल्या थोड्याशा फरकाने निकालात मोठा फरक पडतो.

हे आकडे प्रत्यक्ष बाजाराचे नाहीत, केवळ तर्काचे आहेत. प्रत्यक्षात तुकडे स्वतंत्रपणे हरवत नाहीत. निष्काळजी घरातून मूठभर तुकडे एकदम जातात आणि काळजी घेणाऱ्या घरातून वर्षानुवर्षे एकही जात नाही. त्यामुळे जुन्या बाजारात पूर्ण संच व फार उणे संच, असे दोन्ही प्रकार या हिशेबाने यावेत त्याहून अधिक आढळतात. पूर्वीच्या मालकाविषयी थोडीफार माहिती मिळवणे म्हणूनच कोणत्याही मोजणीइतके मोलाचे ठरते. लहान मुलांच्या चित्रांचे संच लहान मुलांच्याच हातून आलेले असतात, तेव्हा तुकडे थोडे असूनही त्यांत उणीव वारंवार निघते.

विक्रेत्याची भाषा

जुन्या कोड्यांच्या व्यापारात काही शब्दप्रयोग रूढ झाले आहेत आणि त्यांच्यातील छटा महत्त्वाच्या आहेत. 'जोडून पाहिलेले, पूर्ण' हे स्पष्ट विधान आहे आणि त्याची जबाबदारी विक्रेत्यावर येते. 'मोजलेले' याचा अर्थ वर सांगितलेल्या मर्यादांसह घ्यावा लागतो. 'पूर्ण असल्याचे समजते' किंवा 'पूर्ण दिसते' यांत विक्रेता स्वतःला मोकळे ठेवतो. 'तपासलेले नाही' हे सर्वांत प्रामाणिक विधान असू शकते आणि सर्वांत सोयीस्करही. ज्या विक्रेत्याच्या वीस संचांवर 'तपासलेले नाही' असे लिहिलेले असते आणि किंमत मात्र पूर्ण संचाची असते, तेथे सावध राहणे इष्ट.

ब्रिटनमध्ये व्यापारी विक्रेत्याने विकलेली वस्तू तिच्या वर्णनाबरहुकूम असली पाहिजे, हा २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यातील नियम जुन्या वस्तूंनाही लागू होतो. त्यामुळे 'पूर्ण' असे लिहून विकलेला संच अपूर्ण निघाल्यास ग्राहकाची तक्रार रास्त ठरते. वर्णनात काहीच म्हटलेले नसेल, तर मात्र वाद घालणे अधिक कठीण होते. खरेदीपूर्वी विचारावयाचा प्रश्नही नेमका असावा. 'पूर्ण आहे ना?' या प्रश्नाला 'हो' हे उत्तर सहज मिळते. 'शेवटचे कधी जोडले, कोणी जोडले, त्यानंतर कुठे ठेवले होते?' या प्रश्नांना मिळणारी उत्तरे अधिक बोलकी असतात.

धर्मादाय दुकाने आणि श्रमाचे मोल

ब्रिटनमध्ये जुनी कोडी मुख्यतः धर्मादाय संस्थांच्या दुकानांत मिळतात. लोकांनी दान दिलेल्या वस्तू तेथे विकून येणारा पैसा संस्थेच्या कार्यासाठी वापरला जातो. अशा दुकानांतील काही स्वयंसेवक दान आलेली कोडी घरी नेऊन जोडतात आणि परत आणून खोक्यावर चिठ्ठी चिकटवतात. चिठ्ठीवर 'पूर्ण' किंवा 'एक तुकडा कमी' असे लिहिलेले असते. सेवानिवृत्त व्यक्तींना हे काम विशेष आवडते, कारण त्यात सेवा व खेळ दोन्ही साधतात. मात्र हजार तुकड्यांच्या एका संचाला कित्येक तास लागतात आणि विक्रीतून येणारी रक्कम किरकोळ असते. म्हणून सर्वच दुकानांना हे जमत नाही, आणि काही दुकाने कोडी स्वीकारतच नाहीत.

या व्यवहाराकडे अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही पाहता येते. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे विश्लेषण केले. मोटारीतील दोष विक्रेत्याला ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. म्हणून ग्राहक सर्वच गाड्यांना कमी किंमत देऊ करतो आणि चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून मागे सरतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. या विषयावरील कार्याबद्दल त्यांना २००१ मध्ये इतर दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल स्मृती पारितोषिक मिळाले. जिगसॉ कोड्यांच्या बाजारात एक निराळी गंमत आहे. येथे पुष्कळदा विक्रेत्यालाही दोष ठाऊक नसतो. आणि तो जाणून घेण्यासाठी वस्तू तपासावी लागते म्हणजे तिचा पूर्ण उपभोगच घ्यावा लागतो. मोटार तपासणारा कारागीर ती वापरून संपवत नाही, पण कोडे तपासणारा त्याची संपूर्ण मौज घेऊन झालेला असतो. याचा एक सुखद परिणाम असा की, तपासणीचे हे श्रम आनंदाने फुकट करणारी माणसे जगात आहेत. तपासलेल्या व न तपासलेल्या संचांच्या किमतींत फार मोठे अंतर पडत नाही, याचे एक कारण बहुधा हेच असावे.

उणीव जाहीर केलेला संच घेण्यास कमीपणा मानण्याचे कारण नाही. 'एक तुकडा कमी' अशी चिठ्ठी असलेला स्वस्त संच, 'तपासलेले नाही' अशा महाग संचापेक्षा बहुधा बरा सौदा असतो, कारण त्यातील निराशा आधीच भोगून झालेली असते. रिकामी जागा आकाशात आहे की माणसाच्या चेहऱ्यात, एवढे मात्र विचारून घ्यावे.

हरवलेल्या तुकड्याची भरपाई

काही उत्पादक नव्या संचातील हरवलेल्या तुकड्याची भरपाई करतात, परंतु बंद झालेल्या जुन्या चित्रांसाठी ही सोय सहसा नसते. साच्याने कापलेल्या कोड्यांबाबत एक वस्तुस्थिती उपयोगी पडते. एकच साचा अनेक चित्रांसाठी वापरला जातो. त्यामुळे त्याच कंपनीच्या, त्याच साच्याने कापलेल्या दुसऱ्या कोड्यातील त्याच जागेचा तुकडा रिकाम्या जागेत बिनचूक बसतो. रंग तेवढा जुळत नाही, तो वर रंगवून घ्यावा लागतो. टिम क्लाइन हे अमेरिकन कलावंत याच गुणधर्माचा उपयोग करून दोन भिन्न जुन्या कोड्यांचे तुकडे एकत्र जोडतात आणि त्यांतून अनपेक्षित चित्रे तयार करतात.

घरच्या घरी तुकडा तयार करण्याची रीत अशी. रिकाम्या जागेभोवतालचे तुकडे नीट जोडून त्यांखाली कागद ठेवतात आणि टोकदार पेन्सिलीने जागेची कड उतरवून घेतात. तोच आकार योग्य जाडीच्या पुठ्ठ्यावर कापतात. खोक्यावरील चित्राची प्रत मोठी करून त्यातील नेमका भाग वर चिकटवतात किंवा हाताने रंगवतात. दुसऱ्या रीतीत जागेच्या तळाशी व कडांना पातळ प्लॅस्टिक लावून कागदाचा लगदा भरतात आणि वाळल्यावर घासून रंगवतात. लाकडी कोड्यांसाठी त्याच जाडीचे प्लायवूड व बारीक पात्याची करवत लागते. हे काम पैसे घेऊन करून देणारे कारागीरही आहेत. हाताने कापलेल्या लाकडी कोड्यात प्रत्येक संचाची कापणी वेगळी असते. त्यामुळे दुसऱ्या संचातील तुकडा तेथे चालत नाही आणि नवा तुकडा घडवण्यावाचून गत्यंतर नसते.

संग्राहकांची दृष्टी

खेळणाऱ्याला तुकडा बसला म्हणजे पुरते, पण संग्राहकाला तो मूळचा आहे की नंतर घडवलेला, हे कळणे आवश्यक वाटते. म्हणून बदललेल्या तुकड्याच्या पाठीवर खूण करण्याचा आणि विकताना ती सांगण्याचा संकेत पाळला जातो. ग्रेट वेस्टर्न रेल्वेसाठी चॅड व्हॅली या कंपनीने १९२४पासून काढलेली लाकडी कोडी, बोर्नमथच्या हेटर कंपनीची 'व्हिक्टरी' कोडी यांसारख्या संचांना ब्रिटनमध्ये मागणी आहे. अशा संचांची किंमत एका तुकड्याच्या अभावाने बरीच उतरते, तरीही ते विकले जातात. आधुनिक पुठ्ठ्याच्या कोड्याला मात्र तुकडा हरवल्यावर जवळजवळ किंमतच राहत नाही, कारण तेच चित्र पूर्ण स्वरूपात दुसरीकडे मिळते.

जुन्या खोक्यांच्या झाकणांच्या आत पेन्सिलीने लिहिलेल्या नोंदी आढळतात. कोणी केव्हा जोडले, किती दिवस लागले, किती तुकडे कमी आहेत, असे त्यांत लिहिलेले असते. या नोंदी पुसू नयेत. पूर्णतेचा पुरावा म्हणून त्यांना मोल आहेच, शिवाय एखाद्या कुटुंबाच्या रिकाम्या वेळेचा तो दस्तऐवजही असतो.

दर्प व बुरशी यांकडेही लक्ष द्यावे लागते. ओल लागलेला पुठ्ठा फुगतो, त्याचे थर सुटतात आणि तुकडे खाचेत बसेनासे होतात. तंबाखूचा किंवा तळघरातील कुबट वास पुठ्ठ्यातून सहसा जात नाही. असा संच पूर्ण असूनही टाळलेला बरा.

नकाशांची कोडी आणि भारत

भारतात जुन्या चित्रकोड्यांचा स्वतंत्र बाजार फारसा उभा राहिलेला नाही. संच मोठ्या भावंडाकडून धाकट्याकडे, तेथून नातलगांकडे, नंतर एखाद्या बालवाडीकडे जातो आणि क्वचित रद्दीच्या दुकानात येतो. अशा फिरत्या संचांत नकाशांची कोडी पुष्कळ असतात. भारताच्या नकाशात प्रत्येक राज्याचा आणि महाराष्ट्राच्या नकाशात प्रत्येक जिल्ह्याचा एक तुकडा, अशी त्यांची रचना असते. स्पिल्सबरी यांच्या कापलेल्या नकाशांचेच हे वंशज होत.

या कोड्यांत उणीव ठरवताना इतिहासाचे भान ठेवावे लागते. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये स्थापन झाले तेव्हा त्यात २६ जिल्हे होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला आणि संख्या ३६ झाली. त्यापूर्वी छापलेल्या संचात ३५ तुकडे असणे स्वाभाविक आहे. पालघरचा तुकडा सापडत नाही म्हणून मुलांनी घर उलथेपालथे करण्यापूर्वी ठाण्याचा तुकडा केवढा आहे, ते पाहावे. तो गुजरातच्या सीमेपर्यंत पोहोचत असेल तर काहीही हरवलेले नाही. त्याचप्रमाणे २ जून २०१४ पूर्वीच्या भारताच्या नकाशात तेलंगणाचा तुकडा आंध्र प्रदेशातच सामावलेला असतो आणि ३१ ऑक्टोबर २०१९ पूर्वीच्या नकाशात लडाखचा तुकडा जम्मू-काश्मीरपासून वेगळा नसतो. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे केंद्रशासित प्रदेश २६ जानेवारी २०२० रोजी एकत्र आले, परंतु ते इतके लहान आहेत की अनेक संचांत त्यांना स्वतंत्र तुकडा कधी नव्हताच. शेजारच्या तुकड्यावर केवळ नाव छापलेले असते.

जुना नकाशा शाळेसाठी घ्यावा की नाही, हा यातून उद्भवणारा प्रश्न आहे. सध्याची राज्यरचना शिकवण्यास तो अपुरा पडतो. परंतु जुना व नवा असे दोन संच शेजारी मांडले, तर जिल्हे व राज्ये कशी बदलत गेली हे विद्यार्थ्यांना हाताळून कळते. मात्र दोन्ही संचांचे तुकडे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मांडण्यापूर्वीच त्यांच्या पाठींवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके द्यावेत.